माइन्त्सच्या टेकडीवरची निळाई

रस्त्यावरून पाहिले तर या चर्चच्या खिडक्या काळ्या दिसतात. ऱ्हाइन नदीच्या काठी माइन्त्स नावाचे जर्मन शहर आहे. तिथल्या जुन्या वस्तीत एका टेकडीवर संत स्टेफनचे चर्च उभे आहे. भर दुपारी त्याच्या भोवती चक्कर मारली तरी लाल-पिवळ्या दगडात बसवलेली उंच, टोकदार, काळपट तावदाने आणि त्यांवरचे शिशाच्या रेघांचे जाळे, एवढेच दिसते. रंगीत काच बाहेरून अशीच दिसायची. तिचा रंग दिसायला उजेड तिच्यातून पार होऊन डोळ्यांपर्यंत यावा लागतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे आतल्या अंधाराशिवाय काही येत नाही. दार ढकलून आत गेले की मात्र पाऊल जागीच थांबते. आतली हवाच निळी झालेली असते. फरशी निळी, खांब निळे, बाकांवर बसलेल्या माणसांचे हात निळे. डोळे सरावले की वेदीमागच्या त्या निळाईत आकृत्या दिसू लागतात: देवदूत, शिडी, दाढीवाला म्हातारा.

या खिडक्या मार्क शागाल या ज्यू चित्रकाराने केल्या. पहिली बसली तेव्हा तो एक्क्याण्णव वर्षांचा होता. जर्मनीतल्या एकाच चर्चला त्याच्या खिडक्या लाभल्या, ते हे चर्च. हे काम सहज झाले नाही. त्यामागे एका धर्मगुरूचा चिवटपणा आहे, फ्रान्समधल्या एका काचकाराचा हात आहे आणि दोघांच्याही मागे शतकभराचा भयंकर इतिहास आहे. काचेकडे बघताना तो इतिहास ठाऊक असेल तर निळा रंग वेगळाच दिसू लागतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून या प्रकरणात काचेइतकेच माणसांबद्दलही लिहिले आहे.

चर्च जुने आहे. माइन्त्सचा आर्चबिशप विलिगिस याने ९९० साली या टेकडीवर त्याची स्थापना केली. हा विलिगिस चाके करणाऱ्या सुताराचा मुलगा होता, त्याला हिणवायला लोकांनी भिंतींवर चाके काढली आणि त्याने तेच चाक अभिमानाने आपले चिन्ह केले, अशी दंतकथा तिथे सांगतात. माइन्त्सच्या मानचिन्हात आजही चाक आहे. विलिगिस १०११ मध्ये वारला आणि याच चर्चमध्ये त्याचे दफन झाले. आज दिसते ती इमारत मात्र त्यानंतरची, तेराव्या-चौदाव्या शतकातली, गॉथिक घडणीची. तिचे तिन्ही दालन-पट्टे जवळपास सारख्याच उंचीचे आहेत. त्यामुळे बाजूच्या भिंतीही उंच आहेत आणि खिडक्यांना भरपूर जागा आहे. पुढे जे घडले त्यासाठी हे फार सोयीचे ठरले.

या इमारतीने दोन मोठे घाव सोसले. पहिला १८५७ च्या नोव्हेंबरात. जवळच तटबंदीच्या बुरुजात दारूगोळा साठवला होता, त्याचा स्फोट झाला. दीडशेहून अधिक माणसे मेली, टेकडीवरची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि चर्चचे अतोनात नुकसान झाले. दुसरा घाव दुसऱ्या महायुद्धातला. १९४२ पासून शहरावर बॉम्ब पडत होते. २७ फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यात तर माइन्त्सच्या जुन्या भागाचा बहुतांश ढिगारा झाला. संत स्टेफनच्या कमानी कोसळल्या. युद्धानंतर चर्च हळूहळू पुन्हा उभे केले, पण मधल्या दालनावरच्या दगडी कमानी पुन्हा बांधल्या नाहीत. तिथे सपाट लाकडी छत घातले. आजही मान वर केली की ते लाकूड दिसते आणि इथून काहीतरी गेले आहे हे समजते.

१९६५ मध्ये क्लाउस मायर इथे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले. वसईचे कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात, तशा एका साध्या धर्मग्रामाचे ते फादर. मायर यांचे वडील ज्यू होते आणि आई कॅथलिक. १९२३ चा जन्म, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तेव्हा मुलगा दहा वर्षांचाही नव्हता. वडिलांना देश सोडावा लागला. मुलगा नात्झी कायद्याच्या भाषेत ‘अर्धा ज्यू’ ठरला. त्या काळात ‘अर्धा’ असण्याने माणूस वाचेलच याची खात्री नव्हती. मायर वाचले, १९५० मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि बॉम्बने उघड्या पडलेल्या या टेकडीवरच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

माइन्त्ससारख्या शहरात ज्यू नाव असण्याला आणखीही एक अर्थ आहे. श्पायर, वोर्म्स आणि माइन्त्स ही ऱ्हाइनकाठची तीन शहरे मध्ययुगात युरोपातल्या ज्यू विद्येची माहेरघरे होती. हजार वर्षांपूर्वी राब्बी गेर्शोम माइन्त्समध्ये शिकवत होते. एकाहून अधिक बायका करण्याला युरोपातल्या ज्यूंमध्ये बंदी आली ती त्यांच्या नावाने. धर्मग्रंथांवरचे ज्याचे भाष्य आजही ज्यू घराघरांत वाचले जाते, तो राशी इथे शिकला. आणि याच शहरात १०९६ च्या मे महिन्यात, पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या जमावाने ज्यूंची कत्तल केली. त्यांनी पुन्हा वस्ती उभारली, पुन्हा उठवली गेली, पुन्हा उभारली. १९१२ साली भव्य सिनेगॉग बांधले. नोव्हेंबर १९३८ मध्ये नात्झींनी देशभर ज्यूंवर हल्ले केले त्या रात्री तेही जाळले गेले आणि १९४२ मध्ये शहरातल्या ज्यूंना गाड्यांत भरून मृत्यूकडे पाठवण्यात आले. तिन्ही शहरांतल्या या ज्यू वारशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मायर यांनी शागालला पत्र लिहिले तेव्हा अशी कुठलीच मान्यता नव्हती. होती ती फक्त रिकामी जागा.

ते पत्र १९७३ सालचे. शागाल तेव्हा दक्षिण फ्रान्समधल्या सेंट पॉल द वान्स या गावी राहत होता. वय पंच्याऐंशीच्या पुढे. अशा वयात जगप्रसिद्ध माणसाकडे रोज गठ्ठ्याने पत्रे येत असणार. त्यात जर्मनीतून, त्यातही एका लहान चर्चमधून आलेल्या मागणीला होकार मिळण्याचे काहीच कारण नव्हते.

ते का, हे कळण्यासाठी शागालचे आयुष्य थोडे पाहायला हवे. १८८७ मध्ये रशियन साम्राज्यातल्या व्हिटेब्स्क इथे, आजच्या बेलारूसमध्ये, एका धार्मिक ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील मासळीच्या वखारीत राबत. हे गाव, त्याची लाकडी घरे, गाई, छपरावरचा फिडलवाला, हे सगळे त्याच्या चित्रांत आयुष्यभर तरंगत राहिले. जर्मनीशी त्याचे नाते आधी चांगले होते. १९२२-२३ मध्ये तो बर्लिनला राहिला, तिथे धातूवरच्या कोरीव छपाईचे तंत्र शिकला. जर्मन संग्रहालयांनी त्याची चित्रे विकत घेतली. मग १९३३ आले. माइन्त्सपासून फार दूर नसलेल्या मानहाइम शहरात, संग्रहालयाने घेतलेले त्याचे एका राब्बीचे चित्र नात्झींनी दुकानाच्या खिडकीत ठेवले. कर भरणाऱ्यांनो, तुमचा पैसा कशावर गेला ते बघा, अशा अर्थाची पाटी त्याला लावली. १९३७ मध्ये म्युनिकला ‘अध:पतित कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवले, त्यातही त्याची चित्रे होती. १९४१ मध्ये तो मार्सेयमार्गे जीव वाचवून अमेरिकेला पोहोचला. त्याच उन्हाळ्यात जर्मन फौजा व्हिटेब्स्कमध्ये शिरल्या आणि शरद ऋतूपर्यंत तिथले ज्यू मारून टाकले. ज्या गल्ल्या तो चित्रांत पुन्हा पुन्हा काढत आला होता, त्यांतली माणसे उरली नाहीत.

आता अशा माणसाला जर्मन चर्चसाठी खिडक्या करा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मायर यांनी सांगितले. लगेच होकार आला नाही. नकारही आला नाही. पत्रे जात-येत राहिली, मायर फ्रान्सला जाऊन भेटले, आणि त्या भेटींतून मैत्री जुळली. शागालने होकार का दिला याची बरीच कारणे दिली जातात: ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातला सलोखा, जर्मनी आणि फ्रान्स यांची मैत्री, जगात शांतता. ती सगळी खरी असतील. मला मात्र सर्वांत वजनदार वाटते ती एक साधी गोष्ट. मागणारा माणूस स्वत:च्या अंगात दोन्ही बाजू वागवत होता. त्याने क्षमा मागितली असेल-नसेल, पण काम मागितले. म्हाताऱ्या कारागिराला ती भाषा समजली. शागाल माइन्त्सला कधीच आला नाही. शहराने त्याला मानद नागरिक केले, तरीही नाही. त्याचे हात लागलेली काच तेवढी आली. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय या खिडक्या कळत नाहीत.

काचेकडे शागाल उशिरा वळला, सत्तरीला टेकताना. फ्रान्सच्या पहाडी भागात आस्सी इथे एक चर्च आहे. नव्या चित्रकारांकडून चर्चसाठी कामे करून घेण्याचा तिथे धाडसी प्रयोग चालू होता. तिथे १९५७ च्या सुमारास त्याने पहिल्या खिडक्या केल्या. लगोलग मेत्स शहराच्या कॅथेड्रलचे काम आले आणि त्या कामात त्याची गाठ शार्ल मार्क आणि ब्रिजित सिमों या जोडप्याशी पडली. राँस शहरातली सिमों घराण्याची काचशाळा पिढ्यानपिढ्यांची, सतराव्या शतकापासूनची. १९१४ मध्ये जर्मन तोफांनी राँसचे कॅथेड्रल भाजून काढले, तेव्हा त्याच्या फुटक्या खिडक्या पुन्हा उभ्या करण्याचे काम ब्रिजितच्या वडिलांनी, जाक सिमों यांनी, वर्षानुवर्षे केले. त्याच घराण्याच्या टेबलांवर साठ वर्षांनी जर्मन चर्चच्या खिडक्या जुळवल्या जाणार होत्या. माइन्त्सबद्दल लिहिताना हा धागा बहुतेक जण सोडून देतात, आणि मला तो सोडवत नाही.

ही काच नेमकी तयार कशी होते, हे जवळून पाहू. आपल्याकडे वाड्यांच्या माडीवर लाल-हिरवी तावदाने असत. पण तिथे एक तावदान म्हणजे एक रंग. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात गेलेल्यांनी काचेचे तुकडे जोडून केलेली चित्रमय खिडकी पाहिली असेल. तिथे काच हाच रंगही आहे आणि भिंतही. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मे मिसळतात. तांब्याने किंवा सोन्याने लाल, लोखंडाने हिरवट, मँगनीजने जांभळी छटा येते. निळ्यासाठी कोबाल्ट. हे नावही जर्मन खाणींतूनच आले. सॅक्सनीच्या डोंगरात चांदी शोधणाऱ्या खाणकामगारांना एक खनिज वारंवार फसवायचे. चांदी द्यायचे नाही, वर विषारी धूर सोडायचे. खाणीतले खोडकर भूत, कोबोल्ड, हे करते असे ते म्हणत. त्या भुताच्या नावाचे कोबाल्ट चिमूटभर टाकले तरी काचेची अख्खी भट्टी निळी होते.

शागालसाठी काच फ्रान्समध्ये सेंट जुस्तच्या कारखान्यात, तोंडाने फुंकून केली जाई. यंत्राच्या काचेसारखी ती सपाट नसते. कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच हवेचे बुडबुडे, मध्येच पाण्यावर उठावी तशी लहर. उजेड तिच्यातून सरळ जात नाही, रेंगाळत जातो. शार्ल मार्क यांची खरी करामत पुढची. त्यांनी शागालसाठी दुहेरी थराची काच करवून घेतली. दुधावर साय धरावी तसा फिकट काचेवर गडद रंगाचा पातळ थर. मग नको तो भाग मेणाने झाकायचा आणि उघड्या भागावर जहाल आम्ल फिरवायचे. आम्ल वरचा थर खात जाते. थोडे खाल्ले की गडद निळ्याचा आकाशी होतो, आणखी खाल्ले की पहाटेचा धुरकट पांढरा. एकाच तुकड्यात, मध्ये शिशाची रेघ न येता, रात्रीपासून सकाळपर्यंतच्या छटा मिळतात. या आम्लाचा थेंब हातावर पडला तर हाडापर्यंत जातो, म्हणून हे काम अतिशय जपून करावे लागते.

शागाल आधी कागदावर लहान आराखडा करी. त्यात कधी रंगीत कागदाचे आणि कापडाचे तुकडेही चिकटवलेले असत. मार्क तो खिडकीच्या मापाइतका मोठा करत, काच निवडत, कापत आणि तुकडे तात्पुरते जुळवून उभे करत. मग शागाल पुन्हा कुंचला घेऊन समोर येई. काचेच्या पुडीत धातूचे भस्म मिसळून केलेला करडा-काळा लेप तो काचेवर फासायचा आणि काडीने, चिंधीने, बोटाने खरवडून चेहरा, पंख, पान काढायचा. काही ठिकाणी पिवळ्यासाठी चांदीचा क्षार लावला जाई. मग पुन्हा भट्टी, सहाशे अंशांच्या आसपास, म्हणजे लेप काचेत मुरतो आणि शतके पुसला जात नाही. शेवटी दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे आणि सांध्यांना डाख द्यायचा. लहानपणी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला तांब्याचे भांडे धरून बसलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या कामाचा वास ओळखीचा वाटेल. कथील, निखारा आणि थांबत-थांबत फिरणारा हात.

शिशाच्या रेघेबद्दल थोडे अधिक सांगायलाच हवे. जुन्या खिडक्यांत ती आकृतीची कड धरून फिरते, नाक-डोळ्यांना कुंपण घालते. माइन्त्सच्या खिडक्यांत ती तसे करत नाही. ती एखाद्या वेलीसारखी देवदूताच्या छातीतून जाते, पंखावरून घसरते, शेजारच्या रिकाम्या निळ्यात शिरते. जवळून पाहिले तर चेहरा तीन तुकड्यांत फुटलेला दिसतो. चार पावले मागे आले की तो एक होतो. हे धैर्य चित्रकाराचे जितके, तितकेच काचकाराचे.

पहिली खिडकी सप्टेंबर १९७८ मध्ये बसली, वेदीच्या नेमकी मागे. तिचा विषय पूर्वजांचा देव. खाली अब्राहाम आहे, त्याच्याकडे आलेले तीन पाहुणे आहेत. वर याकोबाचे स्वप्न, जमिनीपासून स्वर्गापर्यंत गेलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत. त्याहून वर मोशे, हातात आज्ञांच्या पाट्या. कॅथलिक चर्चच्या वेदीमागे, जिथे डोळे सहज क्रूस शोधतात, तिथे शागालने ज्यू धर्मग्रंथातली माणसे बसवली आणि मायर यांनी ती बसू दिली. येशू आणि मरिया शेजारच्या खिडक्यांत आहेत, पण मध्यभागी अब्राहाम. ज्यू आणि ख्रिस्ती, दोघांचाही पूर्वज.

हा अब्राहाम मराठीला परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या पूर्वजांवर मराठी कीर्तने रचली, आणि मुंबईच्या मंडळींनी ती टाळ-मृदंगाच्या साथीने ऐकली. तीन पाहुण्यांना तंबूत बोलावून पाणी देणारा, सावलीत बसवणारा, बायकोला पटकन पीठ मळायला सांगणारा तो म्हातारा शागालच्या काचेतही तसाच आहे: धांदलीत, आणि पाहुणे कोण आहेत हे अजून न कळलेला.

१९७९ मध्ये मधल्या खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या आल्या. १९८१ मध्ये वेदीच्या दालनाच्या आणखी तीन. तीन खिडक्या बाजूच्या आडव्या दालनासाठी उरल्या होत्या, आणि शागाल चौऱ्याण्णवचा झाला होता. त्या त्याने पूर्ण केल्या. २८ मार्च १९८५ रोजी सेंट पॉल द वान्समध्ये तो वारला, सत्त्याण्णवाव्या वर्षी. खिडक्या बसल्या त्यानंतर मे महिन्यात. एकूण नऊ.

इथे बहुतेक वर्णने थांबतात. मला वाटते खरी गोष्ट इथून पुढे अधिक हृद्य होते. शागाल गेल्यावर चर्चच्या मधल्या भागात साधा पांढरा उजेड येतच राहिला. आता काचेचा नियम असा की, अंधाऱ्या खोलीतली रंगीत काच पेटते आणि शेजारी उघडा उजेड असेल तर ती फिकी पडते. डोळा पांढऱ्याशी जुळवून घेतो आणि निळा त्याला मलूल वाटू लागतो. म्हणजे वेदीमागच्या खिडक्या वाचवायच्या तर बाकीच्याही रंगवायला हव्या होत्या. पण रंगवणार कोण? शागालसारखे काढणारा दुसरा शागाल आणला असता तर नक्कल झाली असती. वेगळा मोठा चित्रकार आणला असता तर भांडण झाले असते.

हे काम शार्ल मार्क यांनी अंगावर घेतले. जवळपास तीस वर्षे ते शागालच्या आराखड्यांना काच देत आले होते. स्वत:ही चित्रकार होते. त्यांनी १९ खिडक्या केल्या, त्यांतली शेवटची २००० साली. त्यांत एकही आकृती नाही. देवदूत नाही, पान नाही, चेहरा नाही. फक्त निळा, त्याच्या कमी-जास्त घनतेच्या पाटांमध्ये, वेदीपासून जितके दूर जावे तितका उजळ होत गेलेला. दारातून आत येणाऱ्या माणसाचे पाऊल थांबवणारी ती पहिली निळाई मुख्यत: मार्क यांची आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. शागालच्या खिडक्या बघायला आलो, असेच ते म्हणतात. वर्षाला सुमारे दोन लाख माणसे येतात. मार्क यांनी आपल्या काचेवर नाव गाजेल असे काही ठेवलेच नाही. साथ करणाऱ्याने तंबोऱ्याचा सूर धरून ठेवावा आणि गायकाला आकाश मोकळे सोडावे, तसे त्यांनी केले. संगीत जाणणारे तंबोऱ्याकडे कान देतात; या चर्चमध्ये गेलात तर आधी बाजूच्या खिडक्यांसमोर थोडा वेळ उभे राहा, मग वेदीकडे वळा, एवढी माझी विनंती.

निळाच का, हा प्रश्न सगळे विचारतात. शागालच्या मेत्सच्या खिडक्यांतही निळा आहे, पण तिथे लाल, हिरवा, पिवळा त्याला तोडीस तोड आहेत. झुरिकच्या फ्राउमुन्स्टर चर्चमध्ये तर एकेका खिडकीला एकेक रंग दिला आहे. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात इस्राएलच्या बारा वंशांच्या बारा खिडक्या, १९६२ च्या. तिथेही चार-पाच मुख्य रंग आळीपाळीने येतात. १९६७ च्या युद्धात त्यांतल्या काही फुटल्या, आणि त्याने त्या पुन्हा करून दिल्या. माइन्त्समध्ये मात्र त्याने निळ्यालाच सगळी भूमी दिली, आणि बाकी रंग तिच्यावर थेंबांसारखे ठेवले: एक लाल पंख, एक पिवळा सूर्य, एक पांढरा घोळका. निळ्याचा एक गुण तंत्रज्ञांनी फार आधी ओळखला होता. तो पसरतो. फ्रान्सच्या जुन्या कॅथेड्रलांची दुरुस्ती करणाऱ्या व्हियोले-ल-द्युकने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले की, काचेतला निळा आपल्या कडांबाहेर झिरपतो, शेजारच्या रंगाला व्यापतो, आणि म्हणून त्याच्याभोवतीची रचना फार विचार करून करावी लागते. शागाल-मार्क जोडीने तो गुण रोखला नाही, पूर्ण मोकळा सोडला.

क्लाउस मायर १९९१ मध्ये प्रमुख धर्मगुरूपदावरून निवृत्त झाले, खिडक्यांपासून नाही. वेदीसमोर उभे राहून ते येणाऱ्यांना एकेक आकृती उलगडून सांगत. अब्राहामापासून सुरुवात करत, जुन्या करारातला मजकूर आणि काचेतला रंग एकमेकांशेजारी ठेवत. कलेचा इतिहास सांगणे हा त्यांचा हेतू नव्हता. बसून, बघून, गप्प होण्याला ते महत्त्व देत. असे तास त्यांनी हजारो घेतले, पार म्हातारपणापर्यंत. शाळेची मुले येत, फ्रान्सहून बस भरून माणसे येत, इस्राएलहून येत. ज्या पोराला एकेकाळी कायद्याने ‘अर्धा’ ठरवले होते, तो आयुष्यभर एका ज्यू माणसाने केलेल्या काचेसमोर उभा राहून कॅथलिक मंडळींना त्यांच्याच ग्रंथाची पहिली पाने वाचून दाखवत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये, शंभरीला दोन महिने उरले असताना ते वारले.

डिसेंबरात माइन्त्सला चार-साडेचारलाच अंधारून येते. त्या वेळी चर्चमध्ये बसून राहिले तर एक गोष्ट डोळ्यांदेखत घडते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्येने १८१९ मध्ये ती पहाटेच्या फुलांवर टिपली होती. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मंदावतात आणि अंधारात पाहणाऱ्या जाग्या होतात. त्यांना लाल दिसत नाही, निळ्याकडचा उजेड मात्र चांगला जाणवतो. त्यामुळे आधी देवदूताचा लाल पंख विझतो. तो काळा होतो, मग शिशाच्या रेघेत मिसळून जातो. पिवळा थोडा तग धरतो. मोशेच्या हातातल्या पाट्या करड्या होतात. निळा अजून असतो. आकृत्या गेल्यावर वेदीमागच्या खिडक्या आणि बाजूच्या खिडक्या यांत फरक करता येत नाही, शागालची कुठली आणि मार्क यांची कुठली ते कळत नाही. तेवढ्यात कोणीतरी किल्ल्या घेऊन मागच्या बाकांमधून चालत येते, दार लावायची वेळ झालेली असते.